नावापुरतं गाव

चेरीच्या पेट्यांवर आमच्या गावाचं नाव असतं.
तांदळाच्या पोत्यांवर असतं.
एका तापावरही होतं.
लांबच्या देशांतले डॉक्टर ते घ्यायचे,
‘यामागाता’,
मधल्या ‘गा’वर उगाच जोर देऊन.

मी एकतीस वर्षं त्या प्रयोगशाळेत काढली.
माझ्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीत,
कापसाच्या काडीवर तो कुणाच्या तरी घशातून आला.
कुणाच्या, ते मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही, नवीन होते.

नाव ठेवलं तिथेच जन्म झाला, असं नसतं.
त्याच्याही आधी
कुठल्याशा शहरात, कुठल्याशा बंद खोलीत
एकाचे दोन झाले, भाऊ वेगळे निघाले.
धाकट्या-थोरल्याचा वाद आमच्या वह्यांत मिटला नाही.
दुसऱ्याला ऑस्ट्रेलियातलं नाव लागलं.
मग दोघांची भाऊबंदकी, वर्षाआड,
आमच्याच छातीत.

बदकांकडे तो गेला नाही, डुकरांकडे गेला नाही.
त्याला राहायला आपणच होतो.
हे मी शिकाऊ मुलांना सांगायचे तेव्हा
ओइकावाबाई लाडानं बोलतात, म्हणून ती हसायची.

सतराच्या हिवाळ्यात तो म्हाताऱ्यांकडे वळला.
शिंजोच्या वृद्धाश्रमातून नळ्या आल्या,
बर्फामुळे दोन दिवस उशिरा,
प्रत्येकीवर फक्त नंबर.
मी थाळी भरली. रक्ताचे थेंब तळाशी बसले नाहीत,
पातळ पडद्यासारखे पसरले.
म्हणजे आहे.
मी ‘आहे’ लिहिलं, तारीख घातली, डबा खाल्ला.
संध्याकाळी फोन आला, आईला ताप आहे.
त्या नळ्यांत एक तिची होती.
कोणती, ते मी शोधलं नाही.
शोधता आलं असतं.

ती गेली तेव्हा छपरावरचा बर्फ
धप्पकन खाली आला, आणि शेजारचे कुसाकारी
फावडं घेऊन धावत आले.

वीस सालच्या मार्चमध्ये मी निवृत्त झाले.
पुष्पगुच्छ दाराबाहेर ठेवून गेले सगळे,
काचेतून वाकून नमस्कार केला.
त्याच मार्चमध्ये, कुठल्या तरी देशात,
तो शेवटचा दिसला.
तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.
सगळे दुसऱ्याच एका विषाणूकडे बघत होते,
तोंड बांधून, दार लावून.
आणि दारं लावली, तर जाणार कुठे
ज्याला आपल्याशिवाय घर नाही?

पुढच्या हिवाळ्यात नागिसाचा फोन आला.
थाळ्यांत नुसत्या टिकल्या, म्हणाली,
तळाशी गोल, लाल, घट्ट बसलेल्या,
ओळीनं, शंभर शंभर.
टिकली म्हणजे नाही.
नंतर भाऊ परतला. हा नाही.
लशीतून त्याची जागा काढली,
चाराचे तीन झाले.
वंश बुडाला म्हणायचं का, तिनं विचारलं.
मी म्हटलं, ‘आहे’ एका नळीत दिसतं गं,
‘नाही’ किती नळ्यांत बघशील?

सुतक कुणी धरलं नाही. का धरावं?
आईला नेलं त्यानं.
तरी कधी झोप येत नाही तेव्हा
तळमजल्यावरचं ते कपाट आठवतं,
उणे ऐंशीवर घुरघुरणारं.
पांढऱ्या भिंतीत नखाएवढ्या कुप्या,
माझ्या अक्षरातलं गावाचं नाव.
वीज गेली तर जनित्र आपोआप सुरू होतं.
दर सोमवारी ते तपासायची पाळी माझी असायची.

परवा नदीकाठी, अळकुड्यांचं कालवण रटरटत होतं,
कुसाकारींचा नातू खोकला.
कोरडा, दोनदा.
त्याच्या आईनं पाणी दिलं.
मी पळी हातात धरून
तिसऱ्याची वाट बघत राहिले.